मी रिकामं केलेलं पाळणाघर

मला थोबाडीत मारली ती एका मुलाच्या आईनं, पण सूड घ्यायचा ठरवला तो मॅडमवर. आईचा हात पोटच्या पोराचं हाड मोडलं म्हणून उठला होता, हे गाल चुरचुरत असतानाही मला कळत होतं. मॅडमनी जे केलं ते शांतपणे केलं, गोड आवाजात केलं आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखं केलं.

गंगापूर रोडच्या एका कॉलनीत मॅडमचा बंगला होता. मी तिथे पाच वर्षं काम केलं. तळमजल्यावर पाळणाघर होतं. म्हणायचं पाळणाघर, पण पाळण्यातलं मूल एकही नाही. बालवाडीपासून पाचवीपर्यंतची मुलं. शाळा सुटली की व्हॅनवाले दुपारी त्यांना आणून सोडायचे, आणि आईबाप संध्याकाळी न्यायला येईपर्यंत ती आमच्याकडे. सुट्टीत तर सकाळी नऊपासूनच. मे महिन्यात मॅडम त्यालाच समर कॅम्प म्हणायच्या आणि गेटवर फ्लेक्स लावायच्या. फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला त्यांचा स्वतःचा फोटो.

मॅडम पूर्वी कुठल्याशा शाळेत शिकवायच्या. बोलणं असं की ऐकत राहावं. नवीन आई चौकशीला आली की त्या तिला हॉलमध्ये बसवून मुलांच्या भावविश्वाबद्दल सांगायच्या. मी आतून पाणी आणायचे. ती आई गेली की मॅडम वर जायच्या आणि सगळी मुलं माझ्यावर. कोणाला भेंडी चालत नाही, कोण ताटातला भात बाकाखाली टाकतो, कोणाला झोपताना आईचा जुना रुमाल लागतो, कोणाच्या डायरीत आज बाईंनी लाल शेरा मारलाय, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. माझं माहेर निफाडकडचं. बारावी झालेली आणि बालवाडीचा कोर्स केलेला. अक्षर चांगलं म्हणून मुलांचे गृहपाठ मीच घ्यायचे. वहीखाली सही मात्र मॅडमची. मला सगळे मावशी म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा मावशीच म्हणायच्या. त्याचं काही वाटायचं नाही तेव्हा. नंतर वाटायला लागलं.

त्या मे महिन्यात बावीस मुलं होती. कॅम्प संपायला एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम, प्रत्येक मुलाला सर्टिफिकेट. सर्टिफिकेटांवर नावं मीच लिहिली होती. जेवणं झाली, मुलं चटयांवर आडवी केली, कूलर लावला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, कॉलेज रोडला जाऊन सर्टिफिकेटं लॅमिनेट करून आणा. मी आहे इथे."

"मुलं अजून झोपली नाहीत सगळी," मी म्हटलं.

"मी आहे म्हटलं ना."

मी पर्स आणि सर्टिफिकेटांची पिशवी घेतली आणि हॉलच्या दारातून बाहेर पडले. दुकानात गर्दी होती. परत यायला तास-सव्वा तास गेला असेल. गेट उघडलं तर पोर्चमध्ये मुलांचा घोळका. मध्ये एक सहा वर्षांचा मुलगा पायरीशी बसलेला. उजवा हात डाव्या हातात धरलेला आणि चेहरा पांढराफटक. रडतही नव्हता. पोर्चमध्ये मोठा झोपाळा होता. त्याच्यावर उभा राहून तो खिडकीच्या ग्रिलला लटकायला गेला आणि पायरीवर पडला, एवढं मुलांच्या बोलण्यातून मला कळलं. मॅडम कुठेच नव्हत्या. मी दोन हाका मारल्या, थांबले नाही. त्याला उचललं, रिक्षा केली आणि जवळच्या हाडांच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात तो एकदाच बोलला. म्हणाला, "मावशी, आईला सांगू नको."

दवाखान्यातून मीच मॅडमना फोन लावला. त्या दहा मिनिटांत आल्या, डॉक्टरांशी बोलल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जा, बाकीची मुलं बघा. त्याच्या आईला मी कळवते." कोपरात फ्रॅक्चर होतं.

संध्याकाळी मुलाचे आईबाप त्याला प्लास्टरसकट घेऊन बंगल्यावर आले. इतर पालक मुलांना न्यायला आलेच होते. पोर्चमध्ये दहा-बारा माणसं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तेव्हा मुलांजवळ कोण होतं?"

मॅडमनी मोबाईल काढला. हॉलमध्ये कॅमेरा होता. पोर्चमध्ये नव्हता, वर जाणाऱ्या जिन्याकडेही नव्हता. तो जिना स्वयंपाकघरातून होता. त्यांनी सगळ्यांना दाखवलं ते एवढंच, की भर दुपारी मी खांद्याला पर्स लावून हॉलच्या दारातून बाहेर जातेय, आणि मागे मुलं चटयांवर लोळतायत.

"मी दोन मिनिटं वर सासूबाईंना औषध द्यायला गेले," मॅडम म्हणाल्या. "यांच्यावर सोपवून गेले होते. खाली येऊन बघते तर या नाहीत. घरचं काही काम असेल."

मी म्हटलं, "मॅडमनीच मला लॅमिनेशनला पाठवलं होतं."

"ते उद्या सकाळी करायचं ठरलं होतं ना, मावशी?" आवाज इतका मऊ, की क्षणभर मलाच वाटलं, ठरलं होतं की काय.

मुलाची आई तेवढ्यात पुढे आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. पोर्चमध्ये कोणी हललं नाही. मुलं दारात उभी होती. वडील पोलिसांचं काहीतरी बोलायला लागले, तर मॅडमनी हात वर केला.

"जाऊ द्या हो. पोलीस वगैरे नको. गरीब आहे ती. मी काढून टाकते तिला."

थोबाडीत मारल्याचं दोन दिवसांत विसरायला होतं. हे वाक्य विसरायला होईना. माझ्यावर खोटा आळ घ्यायचा आणि वरून मलाच माफ करायचं. त्या दिवशी मी आनंदवलीतल्या आमच्या घरापर्यंत चालत गेले. वाटेत ठरवलं की या बाईचं पाळणाघर बंद पडेपर्यंत मी थांबणार नाही.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना. दुसरं काम बघ." तो सातपूरला कंपनीत कंत्राटावर होता. दर सहा महिन्यांनी त्याला कोणीतरी घरी बसवायचं. काढून टाकण्याचं त्याला फार वाटत नसे. सासूबाई गावाकडच्या, आमच्याजवळच राहायच्या. त्या म्हणाल्या, "देव बघतो गं बाई. लय मनाला लावून घेऊ नको."

"देव बघतो हे खरं आहे," मी म्हटलं, "पण तो नुसता बघतो."

पहिले आठ-दहा दिवस डोक्यात काहीबाही आलं. फ्लेक्सला काळं फासावं. कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगावं. पण मॅडमच्या बोलण्यापुढे माझं बोलणं टिकलं नसतं. मग एका सकाळी भाकरी थापताना लक्षात आलं, की मॅडमकडे बंगला आहे, कॅमेरा आहे, फ्लेक्स आहे, पण मुलं माझी आहेत. त्यांच्या सवयी माझ्याकडे आहेत. मुलं निघून आली की बंगल्यात उरतं काय?

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मी पुढची खोली रिकामी केली. पलंग मागे नेला. भिंतीला चुना मारला, चटया आणल्या. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिनं फळ्यावर बाराखडी आणि पाढे लिहून दिले. पोळ्यांचं सासूबाईंनी अंगावर घेतलं. म्हणाल्या, "सूड-बीड मला ठाव नाय. पोरं जेवतील तेवढं खरं."

मुलं पोचली की आयांना मेसेज मीच करायचे, त्यामुळे नंबर माझ्याकडे होते. त्या संध्याकाळी पोर्चमध्ये नसलेल्या चार आया निवडल्या आणि त्यांना लिहिलं, की मी घरी मुलं सांभाळायला सुरुवात केली आहे. बाकी काही लिहिलं नाही.

पहिली आली ती चष्मा लावणारी एक आठ वर्षांची मुलगी. तिची आई ओझरला नोकरीला होती. सकाळी बसनं जायची ती साडेपाच-सहाला परतायची. आई म्हणाली, "सुट्टीपासून ती तिकडे जेवतच नाही. डबा तसाच परत. तुमच्याकडे तरी जेवतेय का बघू." ती माझ्याकडे पहिल्याच दिवशी दोन पोळ्या जेवली. मी ताटाचा फोटो काढून तिच्या आईला पाठवला. आईला बरं वाटावं म्हणून पाठवला, हे खरं. पण ती आई तो फोटो ऑफिसातल्या दुसऱ्या आईला दाखवेल, हेही मला ठाऊक होतं. तिनं दाखवला.

मी मॅडमबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मॅडम चांगल्या आहेत हो. फक्त त्यांना वर फार काम असतं." एवढ्यावर बायका गप्प व्हायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं मूल माझ्याकडे असायचं. शिव्या दिल्या असत्या तर एकही आलं नसतं.

रोज संध्याकाळी पाचला मुलं सासूबाईंवर सोपवून मी भाजीच्या निमित्तानं मॅडमच्या गल्लीतून जायचे. गेटच्या आत पायरीशी मुलांच्या चपला-बूट काढून ठेवलेले असायचे. मी चालता चालता मोजायचे. जूनमध्ये अठरा जोड. जुलै संपता संपता तेरा. गणपती आले तेव्हा नऊ. चपलेवरून मूल ओळखू यायचं, कारण ती चप्पल मीच कितीदा पायात चढवली होती. एखादी ओळखीची चप्पल दिसेनाशी झाली की घरापर्यंतचा रस्ता हलका वाटायचा. मी माझ्याकडच्या मुलांवर माया करत नव्हते असं नाही. करत होतेच. पण संध्याकाळी त्या गल्लीत मी जे काही होते, ते मुलांना कळलं असतं तर ती माझ्याजवळ झोपली नसती.

नऊवर गाडी अडली. नवरात्र झालं तरी नऊच. ते पालक हलायला तयार नव्हते, कारण त्यांनी मोबाईलमध्ये मला बाहेर जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मोडलेल्या हाताच्या मुलाची आईही त्यांच्यातच. मुलगा अजून मॅडमकडेच जायचा. उलट मॅडम त्याचे जास्त लाड करतात असं कानावर यायचं.

असंच एका दुपारी जेवताना एक मुलगा चष्मेवालीला म्हणाला, "मला माहितीय, तूच त्याला झोपाळ्यावरून ढकललंस. मॅडम म्हणत होत्या." तिचा घास हातातच राहिला. मी त्या मुलाला गप्प केलं. नंतर तिची वेणी सुटली होती ती घालायला तिला पुढ्यात घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती माझ्याकडे पाठ करून बोलली. "मी नाही ढकललं. तो लटकला तेव्हाच मी मॅडमना बोलवायला वर गेले. त्या फोनवर बोलत होत्या. मला म्हणाल्या, खाली जा. मी खाली आले तर तो पडला होता. मी परत गेले तर त्यांनी दार आतून लावलं होतं. मी खूप वाजवलं."

"आईला सांगितलं नाहीस?"

"मॅडम म्हणाल्या, कोणाला सांगितलंस तर मी सगळ्यांना सांगेन की तूच ढकललंस."

ती पाच महिने हे पोटात घेऊन फिरत होती. दुसरी कोणी असती तर तिनं मुलीला आधी जवळ घेतलं असतं. मी घेतलं, पण नंतर. आधी मला आनंद झाला. लपवत नाही. कंगवा हातातून खाली पडला. मला वाटलं, आता सापडली.

तिच्या आईला मी त्या दिवशी काही बोलले नाही. तिनं मुलीला यात पडू दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं म्हणून बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी मॅडमनी सुट्टीतल्या शिबिराची माहिती द्यायला पालकांना दुपारी बोलावलं होतं. तो निरोप माझ्यापर्यंतही पोचला. त्या दिवशी चष्मेवालीच्या आईला ओझरला कामावर जायचं होतं. बाकीची मुलं मी सासूबाई आणि मुलीवर सोपवली आणि तिला म्हटलं, "चल, आपण जाऊन येऊ. तू फक्त मला सांगितलंस ते तिथे सांगायचं. मी आहे ना."

मी आहे ना. हेच मॅडम म्हणाल्या होत्या, हे मला फार उशिरा सुचलं.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. नऊ मुलांचे आईबाप, मुलं कडेला चटईवर. मॅडम उभ्या राहून बोलत होत्या. आम्हाला पाहून थांबल्या. "या मावशी. काही काम होतं?"

"त्या दिवशी काय झालं ते ही सांगणार आहे," मी म्हटलं आणि मुलीला पुढे केलं.

ती फरशीकडे बघत राहिली. मॅडम तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. तिचा चष्मा नीट केला. "सांग बाळा. घाबरायचं नाही. त्या दिवशी झोपाळ्याजवळ कोण होतं?"

"मी," ती म्हणाली.

"आणि त्याला कोणी ढकललं?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरला होता. किती घट्ट धरला होता ते मला संध्याकाळी तिच्या आईनं दाखवलं. नखांचे वण होते. मी म्हटलं, "बोल की." ती वाकली आणि तिला तिथेच ओकारी झाली, मॅडमच्या साडीवर आणि स्वतःच्या फ्रॉकवर. मग ती हुंदके देत म्हणाली, "मी नाही... मी ढकललं... मी नाही..."

"बघा," मॅडम उठत पालकांना म्हणाल्या. "लहान लेकरांना कुठवर वापरतात लोक."

तेव्हा चटईवरून तो सहा वर्षांचा मुलगा बोलला, ज्याचा हात मोडला होता तो. "ती नव्हतीच तिथे. ती मॅडमना बोलवायला वर गेली होती. मी एकटाच पडलो. मॅडम आल्याच नाहीत. मग मावशी आली."

त्याची आई उठून त्याच्याजवळ गेली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस," तो म्हणाला. "तू म्हणालीस रडू नको."

तिनं मान वर करून मॅडमकडे पाहिलं. मॅडम पदर पुसत होत्या. म्हणाल्या, "लहान आहे, त्याला काय आठवणार." पण तो मऊ आवाज त्यांना लागेना. एक वडील उठले, मुलीचं दप्तर उचललं आणि गेटबाहेर गेले. मग दुसरे गेले. मी भिंतीशी उभी राहून एकेकाला जाताना पाहत होते. आयुष्यात माझं लग्न झालं, मुलगी झाली, पण इतकं डोळे भरून मी काही पाहिलं असेल असं वाटत नाही. चष्मेवाली माझ्या शेजारी ओल्या फ्रॉकमध्ये उभी होती आणि मी तिला विसरले होते. तिचं तोंड धुवायला एक अनोळखी आई घेऊन गेली.

दिवाळीनंतर बंगल्यावरचा बोर्ड उतरला. आणखी सहा महिन्यांनी मॅडमनी तळमजला एका डेंटिस्टला दिला.

पालकांसमोर हे घडलं त्या शनिवारीच संध्याकाळी चष्मेवालीची आई माझ्या दारात आली. आत आली नाही.

"मला न विचारता तिला तिथे नेलंत?"

"तिच्यावर खोटा आळ होता," मी म्हटलं. "तो निघून जावा म्हणून नेलं."

"तिच्यासाठी नेलं असतंत तर आधी मला फोन केला असता. तुम्ही तुमच्यासाठी नेलंत." तिनं मुलीचा हात पुढे धरून मला वण दाखवले. मुलगी जमिनीकडे पाहत होती. सोमवारपासून ती आली नाही. तिच्या आईनं तिच्यासाठी दुसरं पाळणाघर शोधलं नाही. गळ्यात किल्ली दिली. शाळेतून आली की ती एकटीच कुलूप उघडून घरात बसायला लागली. आठ वर्षांची. एक-दोनदा मला रस्त्यात दिसली. मला पाहून पलीकडच्या बाजूला गेली.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण त्याला जागा कमी होती. एक हिशेब अजून बाकी होता.

डिसेंबरात ती थोबाडीत मारणारी आई आली. स्कूटर गेटशी लावली, मुलगा मागे बसलेला. तिची दोन महिने ओढाताण चालली होती. कधी शेजारीण, कधी अर्धी रजा. माझ्या दारात उभी राहून तिनं हात जोडले.

"त्या दिवशी माझं चुकलं. मी तुमच्यावर हात उचलायला नको होता."

"हो," मी म्हटलं.

"याला तुमच्याकडे ठेवाल का? तो सारखं तुमचंच नाव काढतो."

"जागा नाही."

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. खोली मोठी नव्हती, पण भिंतीशी एक मोकळी चटई दिसत होती. ती चष्मेवालीची होती. "थोडी अडचण झाली तरी चालेल," ती म्हणाली.

"मला नाही चालणार."

मुलानं स्कूटरवरून हात हलवला. प्लास्टर निघालं होतं, पण कोपर सरळ होत नव्हतं, हात जरासा वाकडाच राहत होता. ज्या मुलानं भर हॉलमध्ये माझ्या बाजूनं खरं सांगितलं, त्यालाच मी परत पाठवलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "पोराचं काय चुकलं गं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि दार लावलं. पुढे कळलं की त्याला आजी-आजोबांकडे निफाडला ठेवलं, शाळाही तिकडचीच केली. आई शनिवार-रविवार जाऊन भेटते. हे ऐकलं त्या रात्री मला नीट झोप लागली. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण झालं तसं सांगते आहे.

मॅडम मला नंतर एकदाच भेटल्या, गंगापूर नाक्यावर भाजी घेताना. केस पांढरे झाले होते. मेथीची जुडी हातात धरून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं समाधान?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"माझ्या सासूबाई खरंच आजारी होत्या तेव्हा."

"असतील. पण तुम्ही फोनवर होतात."

त्या जुडी परत ठेवून निघून गेल्या. त्यांच्या पाठीकडे पाहताना मी मनात दया शोधली. लोक म्हणतात, सूड घेतला की माणूस रिकामा होतो. माझं तसं झालं नाही. मॅडमचा विचार आला की मला आजही बरंच वाटतं. आता माझ्याकडे एकोणीस मुलं आहेत. शेजारची खोलीही घेतली आहे. मुलं मला ताई म्हणतात. मावशी म्हणायला मीच बंदी केली.

अडकलं ते एकाच ठिकाणी. परवाच्या मे महिन्यात मुलांना जेवायला वाढत होते. एक नवी मुलगी दुसरीच्या ताटात हात घालत होती, त्यात ताकाची वाटी लवंडली. मी ओरडून म्हटलं, "खरं सांग, कोणी सांडलं? बोल की." ती मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. ताक सांडलं होतं, एवढंच. पण माझ्या तोंडून 'बोल की' निघालं, आणि माझंच मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, मी चष्मेवालीच्या घरी गेले. तिसरा मजला. बेल वाजवली. आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच राहिलं. उंच झाली होती, चष्म्याची फ्रेम बदलली होती. अकरा-बारा वर्षांची असेल.

"आई घरी नाही," ती म्हणाली. "कोणाला आत घ्यायचं नाही असं सांगितलंय."

"नको घेऊस. मी इथूनच बोलते." जिन्यात कोणीतरी उतरत होतं, ते जाईपर्यंत मी थांबले. "तुला त्या दिवशी तिथे नेलं ते माझं चुकलं. तू मला सांगितलं होतंस ते माझ्यावर विश्वास ठेवून. मी ते माझ्या कामाला वापरलं. मी तुझा हातही फार जोरात धरला."

ती जाळीपलीकडून पाहत राहिली. बरं म्हणाली नाही, रडली नाही. मला तिनं काहीतरी बोलावं असं वाटत होतं, शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या. मग तिनं विचारलं, "त्या मॅडम अजून तिथेच राहतात?"

"वरच्या मजल्यावर राहतात. पण पाळणाघर नाही आता."

"परत सुरू करणार आहेत?"

"नाही."

"नक्की?"

"मी करू देणार नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मला क्लासचा अभ्यास आहे," आणि आतलं दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी तीन मजले उतरून खाली आले. नऊ वाजायला आले होते. दारात मुलं येऊन थांबली असतील म्हणून भरभर चालत घरी निघाले.